विश्लेषण : धुळीआडचे ताऱ्यांचे कारखाने का महत्त्वाचे?

वेगाने तारे घडवणाऱ्या दीर्घिकांची रंगीत छायाचित्रे मोबाइलवर सतत फिरत असतात. मात्र खरी घडामोड त्यांतल्या काळ्या, धुळकट भागात दडलेली असते.

‘स्टारबर्स्ट’ दीर्घिका म्हणजे काय?
आपल्या आकाशगंगेत वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे तयार होतात. ‘स्टारबर्स्ट’ दीर्घिकांत हा वेग कित्येक पटींनी जास्त असतो. सप्तर्षीच्या दिशेला, सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली एम८२ ही त्यांतली सर्वाधिक परिचित. शेजारच्या एम८१ दीर्घिकेशी झालेल्या गुरुत्वीय ओढाताणीत तिच्यातला वायू केंद्राकडे लोटला गेला आणि तिथे ताऱ्यांचा जणू पूर आला.

महागुच्छ किती मोठे असतात?
हबल दुर्बिणीला एम८२च्या गाभ्यात असे शंभराहून अधिक गुच्छ दिसले. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. या गुच्छांत मात्र काही प्रकाशवर्षांच्या जागेत लाखो तारे दाटलेले असतात. एनजीसी २५३ या दीर्घिकेच्या केंद्रात तर डझनभराहून अधिक गुच्छ अजून घडत आहेत. दाट धुळीमुळे ते दृश्य प्रकाशात जवळपास दिसतच नाहीत. चिलीतील ‘अल्मा’ दुर्बिणीने ते टिपले.

पुढे त्यांचे काय होते?
त्यातले अवजड तारे काही दशलक्ष वर्षांतच स्फोटाने संपू लागतात. त्यांचे वारे आणि स्फोट उरलेला वायू बाहेर फेकतात. एम८२च्या वर-खाली दिसणारे लालसर झोत त्याचेच. म्हणजे ताऱ्यांचा हा धडाका स्वतःचाच कच्चा माल उधळून टाकतो. जे गुच्छ यातून तगतील, ते पुढे गोलाकार तारकागुच्छ बनू शकतील. आकाशगंगेत असे सुमारे दीडशे गुच्छ आहेत आणि त्यांतले बहुतेक १,००० कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांचा जन्म आता पाहता येणार नाही. तसाच जन्म आज कुठे होत असेल, तर तो या धुळीआड.

प्रश्न कुठे आहे?
सुंदर चित्र मिळाले की विज्ञान झाले, हा समज चुकीचा आहे. एकेक गुच्छ वेगळा ओळखणे हे वेब आणि अल्मासारख्या दुर्बिणींचे काम. पण स्फोटांनी मागे ठेवलेली ऊर्जा आणि बाहेर पडणारे वारे यांचा हिशेब रेडिओ लहरींशिवाय पुरा होत नाही. या लहरी धुळीतून आरपार येतात. नारायणगावजवळ खोडद येथील ‘जीएमआरटी’च्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अशाच क्षीण लहरी टिपतात.

म्हणूनच काय करायला हवे?
दुर्बीण उभारली की जबाबदारी संपत नाही. मोबाइल टॉवर आणि वीजवाहिन्यांतल्या ठिणग्यांचा गोंगाट हा रेडिओ खगोलशास्त्राचा मोठा शत्रू आहे. अशा दुर्बिणींभोवती रेडिओ शांतता राखणे ही चैन नव्हे. शहरे आणि उद्योग वाढत असताना प्रशासनाने ती नियोजनाचाच भाग मानली पाहिजे. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला संदेश खोडदपर्यंत पोहोचतो आहे. तो शेवटच्या काही किलोमीटरमध्ये हरवला, तर दोष आकाशाला देता येणार नाही.