जुन्या वास्तू कोणासाठी राखायच्या?

२०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांची नोंद जागतिक वारशाच्या यादीत केली. त्यांतले शिवनेरी, राजगड आणि लोहगड हे तीन दुर्ग एकट्या पुणे जिल्ह्यातले आहेत. जिल्ह्याला याचा अभिमान वाटला तर ते स्वाभाविकच आहे. परंतु लोहगडाच्या मावळाला लागून असलेल्या मुळशी तालुक्यातले कोरीगड आणि घनगड या यादीत नाहीत. आणि जे कोणत्याही यादीत कधीच जाणार नाहीत असे जुने वाडे, चावड्या, धर्मशाळा आणि देवळांचे सभामंडप तर या डोंगराळ मुलखात गावोगावी पावसाशी झुंजत उभे आहेत. गडांना निदान इतिहासाचे नाव आहे आणि त्यांच्या वाटा तुडवणारे तरुण आहेत. गावातल्या वाड्याला वाली नाही. राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याचे संरक्षण घोषित स्मारकांपुरते असते. चार खणांच्या पडक्या चावडीपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

या वास्तू राखाव्यात, यावर सभासंमेलनांतून सर्वांचे एकमत असते. मतभेद सुरू होतो तो त्या कोणासाठी राखायच्या या प्रश्नापाशी. आणि मुळशीत हा प्रश्न इतर ठिकाणांहून अधिक टोकदार आहे. वास्तू गमावणे म्हणजे काय, हे या तालुक्याला बाहेरच्या कोणी शिकवण्याची गरज नाही. मुंबईला वीज मिळावी म्हणून नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले तेव्हा पन्नासच्या आसपास गावांवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह आरंभला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करला. लढा १९२४ च्या सुमारास ओसरला, धरण पूर्ण झाले आणि भातखाचरांबरोबर घरे, देवळे आणि पार पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की त्यांचे चौथरे अजून डोके वर काढतात. त्या वेळी दूरच्या शहराची गरज ठरवली गेली, गावाची संमती विचारली गेली नाही. शंभर वर्षांनंतर वारशाच्या नावाने तेच होणार असेल, तर इतिहासापासून काही शिकलो असे म्हणता यायचे नाही.

तसे होण्याची लक्षणे दिसत आहेत. तालुक्याच्या पूर्वेकडे हिंजवडीची संगणकनगरी आहे, पिरंगुटला कारखाने आहेत, भूगाव-भुकूमपर्यंत शहर सरकत आले आहे, आणि पश्चिमेला जलाशयाच्या काठाने विश्रामगृहे व सुट्टीची घरे उठली आहेत. अशा ठिकाणी पडक्या वाड्याचे भवितव्य बहुधा तीन प्रकारचे असते. भाऊबंदकीत अडकलेला वाडा एखाद्या पावसाळ्यात कोसळतो. नाही तर त्याचे सागवानी खांब आणि नक्षीची दारे विकली जाऊन कोणाच्या तरी बंगल्याचा दिवाणखाना सजवतात. क्वचित एखादा वाडा नीट दुरुस्त होतो. पण त्याचे उपाहारगृह किंवा अतिथिगृह झालेले असते आणि ज्यांच्या आजोबांनी त्याच्या भिंती रचल्या, त्यांना त्याच्या दिंडीतून आत जायला पैसे मोजावे लागतात. पहिल्या दोन प्रकारांत वास्तू जाते. तिसऱ्यात वास्तू राहते, पण गावाची राहत नाही.

स्मारक म्हणून कुलूप लावून ठेवणे हा याला पर्याय होऊ शकत नाही. ज्या घरात चूल पेटत नाही आणि केरसुणी फिरत नाही, त्या घराला वाळवी आणि ओल लागलीच म्हणून समजावे. १९६४ सालच्या व्हेनिस सनदेने स्मारकांना समाजोपयोगी काम दिल्याने त्यांच्या जतनाला हातभार लागतो असे सांगितले, आणि त्यासाठी वास्तूची रचना व सजावट बदलू नये अशी अटही घातली. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. उपयोग हवा, पण वास्तूला न मोडणारा हवा. आणि समाजोपयोगी या शब्दातला समाज प्रथम त्या गावचा असला पाहिजे.

पुण्याच्या शिक्षकवर्गाला हे पटवून देण्याची गरज नसावी, कारण पुण्याचे आधुनिक शिक्षण जुन्या वाड्यांतच वाढले. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधून पुरा केलेल्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिच्याच परंपरेतून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. १८७९ च्या आगीने या वाड्याची मोठी हानी केली, तरी तो टाकून दिला गेला नाही. पुढे वर्षानुवर्षे नगरपालिकेचे कामकाज तेथे चालले. फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली गद्रेवाड्यात सुरू झाले. लोकमान्यांनी घेतलेला गायकवाडवाडा ‘केसरी’चे घर झाला. या वास्तूंना काम मिळाले म्हणून त्यांना माणसे मिळाली, आणि माणसे मिळाली म्हणून डागडुजी होत गेली. याच्या उलट भिडेवाड्याचे झाले. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी जेथे मुलींची शाळा काढली तो वाडा वर्षानुवर्षे वादांत खितपत पडला आणि २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडावा लागला. स्मारक होईल, पण ज्या भिंतींनी ती शाळा पाहिली त्या भिंती परत येणार नाहीत.

शिक्षणाप्रमाणे उपजीविकेलाही जुनी वास्तू जागा देऊ शकते. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरला १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटीने किल्ल्याच्या परिसरातल्या जुन्या इमारतीत हातमाग चालते केले. मोडकळीला आलेला धंदा सावरला आणि गावातल्या स्त्रियांच्या हाताला काम मिळाले. त्याच किल्ल्यात पाहुण्यांसाठी निवासही आहे. म्हणजे पर्यटन हे वारशाचे वैरी आहे असे मुळीच नाही. मागांचा आवाज आधी आणि पाहुण्यांचा पाहुणचार नंतर, हा क्रम तेवढा सांभाळला पाहिजे. मुळशीतल्या एखाद्या वाड्याच्या सोप्यात वाचनालय, माजघरात बचतगटाचे काम आणि चौकात आठवड्यातून एकदा वैद्यकीय तपासणी होऊ लागली, तर तेथे येणाऱ्या पाहुण्यालाही बघण्यासारखे काही सापडेल.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा असतो. गावात रस्ता नाही, शाळेचे छप्पर गळते, तेथे पडक्या वाड्यावर पैसा कशाला, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे; पण शाळेच्या वर्गाला, अंगणवाडीला किंवा ग्रंथालयाला जागा हवीच असेल आणि भक्कम काळ्या दगडाचे जोते, सागाच्या तुळया व निम्म्या भिंती उभ्याच असतील, तर त्या पाडून नवे बांधणे हीच उधळपट्टी ठरते. शिवाय दुरुस्तीच्या कामात सामानापेक्षा मजुरीचा वाटा मोठा असतो. पाथरवट, गवंडी आणि सुतार यांना दिलेला पैसा मुळशीतच फिरतो. अट एवढीच की, काम जाणत्या हातांनी व्हावे. मुळशीच्या मुसळधार पावसात जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतली ओल आतच कोंडते आणि भिंत कुजते. चुन्याची भिंत भिजते आणि वाळते. चुना भिजवून घाणीत मळण्याची, त्यात गूळ आणि हिरडा घालण्याची विद्या महागडी नाही, पण ती येणारे हात विरळ होत आहेत. वाडे दुरुस्त होतील तर ते हातही टिकतील.

दुसरा आक्षेप मालकीचा आहे, आणि तो अधिक अवघड आहे. बहुतेक वाडे खाजगी आहेत, त्यांना दहा-बारा वारस आहेत, आणि त्यांतले निम्मे पुण्या-मुंबईत आहेत. त्यांचा हक्क हिरावून घेण्याची भाषा मुळशीत तरी कोणी करू नये. जमीन हिरावून घेण्याची किंमत या मातीला ठाऊक आहे. मालकी कुटुंबाकडेच ठेवून वापराचा हक्क पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने ग्रामपंचायतीकडे किंवा गावच्या सहकारी संस्थेकडे द्यावा, त्या बदल्यात दुरुस्ती सार्वजनिक निधीतून व्हावी आणि घरपट्टीत सवलत द्यायची मुभा शासनाने द्यावी, हा मध्यममार्ग शक्य आहे. वापर कोणता असावा हे मात्र ग्रामसभेने ठरवावे. सार्वजनिक पैसा घेतलेल्या वास्तूचा काही भाग तरी गावाला नेहमी विनामूल्य खुला राहील, ही अट करारातच लिहिलेली असावी.

त्याआधी काय आहे आणि कोठे आहे याची नोंद हवी. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कक्षेत २०१५ पासून हा भाग आला आहे. त्याच्या आराखड्यात रस्त्यांच्या रेषा जितक्या काटेकोर असतात तितक्याच काटेकोरपणे जुन्या वास्तूही दाखवल्या जाव्यात. या कामासाठी तज्ज्ञांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. महाविद्यालयातले विद्यार्थी फीत घेऊन वाडे मोजू शकतात, त्यांची रेखाटने करू शकतात. शिक्षक वृद्धांकडून वास्तूची हकिकत लिहून घेऊ शकतात. कचेरीतल्या कारकुनाला जुना उतारा आणि गावठाणाचा नकाशा कोणत्या दप्तरात सापडेल हे जितके ठाऊक असते तितके कोणा संशोधकालाही नसते. तालुक्याची अशी वही एकदा तयार झाली, की पाडणाऱ्याला निदान उत्तर द्यावे लागेल.

गड राखायला राष्ट्र आहे, आता जगही आहे. चावडी आणि वाडा राखायला गावाशिवाय दुसरे कोणी नाही. शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या गावांनी आपली घरे वाचवण्यासाठी लढा दिला आणि तो ती हरली. आज उरलेल्या वास्तूंसाठी सत्याग्रहाची गरज पडू नये. ग्रामसभेचा एक ठराव आणि शासनाची थोडी सद्बुद्धी पुरेशी व्हावी. मात्र त्या ठरावातले पहिले नाव मुळशीच्या माणसांचे असले पाहिजे.