लॉगबुकातला आकडा आणि हातातले कौशल्य

श्वासनलिकेत नळी घालण्यात नव्वद टक्के यश मिळवायला शिकाऊ भूलतज्ज्ञांना सरासरी ५७ प्रयत्न लागले, असे १९९८ मधील एका अभ्यासात आढळले होते. तेही शस्त्रक्रियागृहात, उपाशीपोटी असलेल्या स्थिर रुग्णांवर. अतिदक्षता विभागातला रुग्ण तसा नसतो. त्याचा रक्तदाब आधीच घसरलेला असतो, पोट भरलेले असू शकते आणि ऑक्सिजन मिनिटाभरात खाली येतो.

प्रशिक्षणात लॉगबुक भरले जाते, वरिष्ठांची सही होते. (सही सहसा राहत नाही!) पण नळी अन्ननलिकेत गेल्याचे किती लवकर ओळखले, याला त्यात रकाना नसतो. ब्रिटनच्या २०११ मधील ‘नॅप-४’ पाहणीनुसार, अतिदक्षता विभागातील श्वासमार्गाशी संबंधित बहुतेक मृत्यूंना कॅप्नोग्राफ न वापरणे हे एक कारण असावे. हे यंत्र उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजते. रेषा सपाट दिसली, की नळी चुकीच्या जागी आहे असेच धरायचे. सोनोग्राफीच्या मदतीने सेंट्रल लाइन टाकणे, छातीत नळी घालणे यांचा पहिला सराव तरी पुतळ्यावर होऊ शकतो.

छोट्या रुग्णालयात रात्री दोन वाजता वरिष्ठ फोनवरच असतात. पहिला प्रयत्न फसला, तर मास्कने श्वास देत राहायचे की थेट गळ्यातून वाट काढायची, हे तिथल्या तरुण डॉक्टरलाच ठरवावे लागते.