आरशातले दुखणे

टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यातील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक करून दिले. हा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापला आणि युरोपातील शल्यवैद्यांचे कुतूहल जागे झाले. कावसजीला नाकच नव्हते. आज सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी जे येतात, त्यांतील बहुतेकांचे नाक धडधाकट असते. ते त्यांना पटत नाही, एवढेच.

अशा साऱ्यांना उथळ ठरवून हसण्याची रीत आम्हांस मान्य नाही. पुष्कळजण विचारपूर्वक येतात, अपेक्षा माफक ठेवतात आणि समाधानाने घरी परततात. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा. इतरांच्या नजरेस न येणारे व्यंग ज्यांना रात्रंदिवस छळते, जे तासन् तास आरशापुढे उभे राहतात किंवा आरसाच टाळतात, लग्नकार्यास जात नाहीत, अशांच्या विकाराचे वर्णन इटालियन मनोवैद्य एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ सालीच केले होते. सर्वसाधारण समाजात शंभरी दोघांच्या आसपास आढळणारा हा विकार शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत कितीतरी पटींनी अधिक दिसतो. सुरीने तो सहसा बरा होत नाही. नाक सुधारले की चिंता हनुवटीवर जाऊन बसते. मग दुसरा डॉक्टर, दुसरे कर्ज. मानसोपचार आणि औषधे यांनी मात्र बहुतेकांना उतार पडतो.

तेव्हा शल्यवैद्याने सुरी हाती घेण्यापूर्वी विचारलेच पाहिजे: ही खंत दिवसातला किती वेळ खाते? शस्त्रक्रियेनंतर आयुष्यात काय बदलेल असे वाटते? दुरावलेला नवरा परत येईल, असे उत्तर आले तर त्या बाईला प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हे त्याचे कर्तव्यच होय, मग फी बुडाली तरी बेहत्तर. अडचण घरच्यांचीही आहे. शस्त्रक्रियेसाठी दागिने मोडणारी आमची कुटुंबे बांबोळीच्या मनोरुग्णालयाचे नाव काढताच कानकोंडी होतात.

केवळ समाजाच्या बोलण्याने हा विकार जडतो असे नव्हे. पण त्याला खतपाणी तेथूनच मिळते. वधू-वर स्तंभात ‘गोरी, सुस्वरूप’ ही विशेषणे आम्हीही छापतो आणि त्यांचे शब्दागणिक पैसे घेतो. त्यांत न बसणारी मुलगीही तेच पान वाचत असते.