किनारा रिकामा नसतो

आज नारळी पौर्णिमा. रायगडच्या कोळीवाड्यांत सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत पाण्यापर्यंत जाईल. मालवणच्या बंदरावर व्यापारी आणि मच्छीमार दर्याला नारळ देतील आणि शेजारीच नारळ लढवण्याचे डाव रंगतील. घरोघरी नारळीभात शिजेल. पावसाळाभर शाकारून ठेवलेल्या होड्यांना रंग लागलेला असेल, जाळ्यांची शिवण संपत आलेली असेल.

सरकारी हिशेबाने मात्र समुद्र आधीच उघडला आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते. पूर्वी राज्याच्या नियमात नारळी पौर्णिमेलाही मान होता. आता तारीख पक्की ठरलेली आहे. ज्या वर्षी अधिक मास आधी येऊन जातो त्या वर्षी पौर्णिमा ऑगस्टअखेरीस पडते आणि बंदी उठून जवळपास महिना झालेला असतो. तरीही नारळ दिल्याशिवाय होडी न लोटणारे अनेक आहेत. तिसरी तारीख पर्यटकांची. प्रवासी होड्या आणि जलक्रीडा 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असतात, सप्टेंबर लागला की त्या पाण्यात उतरतात. म्हणजे एकाच किनाऱ्याला तीन पंचांगे आहेत: एक मत्स्य विभागाचे, एक देवाचे, एक सागरी मंडळाचे. यांतले तिसरे दिवसेंदिवस पहिल्या दोघांवर वरचढ होत चालले आहे, आणि आजच्या दिवशी बोलायला हवे ते त्याबद्दल.

मुंबई-पुण्याहून येणारा माणूस सुरूच्या बनातून बाहेर पडतो आणि समोर लांबलचक मोकळी पुळण बघून हरखतो. ‘इथे कोणीच नाही’ हे त्याचे पहिले वाक्य असते. खरे तर ती पुळण कामाची जागा आहे, फक्त त्या वेळी काम चाललेले नसते. सिंधुदुर्गात रापण ओढतात ती इथेच. होडीतून जाळे पाण्यात अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन्हीकडून माणसे ते ओढत जवळजवळ येतात. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीत वाटा असतो. या कामाला यंत्र लागत नाही. मोकळा किनारा, उथळ आणि निवांत पाणी आणि एकमेकांना धरून असलेली पंचवीस-तीस माणसे मात्र लागतात. कोणत्या संघाची रापण कुठून कुठपर्यंत, हे गावाला तोंडपाठ असते, पण कागदावर ते बहुधा नसते. मग त्याच पट्ट्यात बनाना राइड आणि पॅरासेलिंगच्या होड्या घोंघावू लागल्या की तक्रार करायला हातात पुरावा राहत नाही.

रापण हे एक उदाहरण झाले. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव वाळूवरच होतो. समोर सुवर्णदुर्ग, पाण्यात उभ्या होड्या, टोपल्यांभोवती दाटलेला घोळका आणि भराभर चढत जाणारी बोली. पर्यटक तो बघायला मुद्दाम येतात, यावेच. पण दोन टोपल्यांच्या मध्ये उभे राहून व्हिडिओ काढणाऱ्याला बाजूला करता करता बोली लावणारी बाई वैतागते, तेव्हा तिला ‘उद्धट’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिच्या दिवसाची कमाई त्या दहा मिनिटांत ठरत असते. सुकट, जवळा आणि बोंबील वाळतात ते किनाऱ्याच्या उन्हातच, आणि त्याचा वास खोलीपर्यंत येतो म्हणून कुरकुरणारे पाहुणेही असतात. त्यांनी रात्री ताटात सोडे मागू नयेत, एवढेच म्हणता येईल.

यावरून कोणी आम्हांला पर्यटनाचे वैरी ठरवू नये. सिंधुदुर्ग 1981 मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला आणि 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर तारकर्ली, देवबाग, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यात जे घडले त्याने अनेक घरे सावरली आहेत. समुद्रात मासळी कमी झाली आहे. पर्ससीनची जाळी, रात्री दिव्यांच्या झोतात केलेली मासेमारी, शेजारच्या राज्यांतून घुसणारे वेगवान ट्रॉलर यांनी लहान मच्छीमाराच्या वाट्याचे पाणीच उपसून नेले. राज्याने 2016 मध्ये पर्ससीनवर हंगामाचे आणि क्षेत्राचे निर्बंध घातले, 2021 मध्ये 1981 च्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले. पण पाण्यात गस्त घालणारे हात तोकडेच राहिले. अशा वेळी ज्या पोराने ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायचे किंवा मुंबईत एखाद्या खोलीत सात-आठ जणांत झोपायचे, तो गावातच राहून पाहुण्यांना स्कूबासाठी नेतो, त्याची आई चुलीवर बांगड्याचे तिखले करते आणि वरच्या दोन खोल्यांवर ‘निवास-न्याहारी’ची पाटी लागते, यात वाईट काय आहे? ‘कोकण बिघडले हो’ असे उसासे टाकणाऱ्यांतले बरेचसे लोक कोथरूडला राहतात.

प्रश्न पर्यटन हवे की नको हा नाहीच. घरमालक कोण राहणार, हा आहे.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि एके काळी ती अंडी सर्रास चोरीला जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे पिल्ले समुद्रात सोडण्याचा कासव महोत्सव सुरू झाला. तो बघायला येणारे लोक गावातल्या घरांतच उतरतात, घरचेच जेवतात. आमटी-भात, उकडीचे मोदक, सोलकढी. कासवाची पिल्ले कधी बाहेर येतील ते पाहुण्याच्या सोयीवर ठरत नाही. पहाटे उठायचे, दोरीच्या अलीकडे उभे राहायचे, आणि एकही पिल्लू आले नाही तर परत घरी येऊन चहा प्यायचा. इथे नियम गावाचे आहेत आणि पाहुणे ते पाळतात. पैसाही गावातच राहतो. वेळासला जे जमले ते आहे तसे उचलून दुसरीकडे नेता येणार नाही, कारण सगळीकडे कासवे नाहीत आणि अशी चिकाटीची संस्थाही नाही. तरी क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. तिथे आधी राखण झाली, पाहुणे मागाहून आले.

देवबागला हा क्रम उलटा झाला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, असे हे गाव. दर पावसाळ्यात उधाणाची लाट माडांच्या मुळांशी येते. धूपप्रतिबंधक बंधारे बांधले जातात, खचतात, पुन्हा बांधले जातात. अशा किनारपट्टीच्या विहिरींचे गोडे पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर असतो. गावाने कळशीने उपसले तर तो थर टिकतो. खोलीखोलीत शॉवर लावून पंपाने उपसले तर खालचे खारे पाणी वर येते. त्यातही गोम अशी की पाहुण्यांची सर्वांत मोठी गर्दी मे महिन्यात होते आणि विहिरीत सर्वांत कमी पाणी असते तेही मे महिन्यातच. कचऱ्याची गतही निराळी नाही. एका सुट्टीत गावाच्या लोकसंख्येहून जास्त माणसे येऊन जातात आणि मागे राहिलेल्या बाटल्या उचलायला ग्रामपंचायतीकडे एखादा टेम्पो आणि दोन माणसे असतात.

सुरक्षेची गोष्ट तर लाजिरवाणी म्हणावी अशी आहे. दरवर्षी कोकणच्या समुद्रात पर्यटक बुडतात. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाला गेलेली होडी परतताना उलटली आणि दोघांचा जीव गेला. अशा वेळी पाण्यात उडी घेणारे पहिले हात बहुतेकदा जवळच्या मच्छीमाराचेच असतात. ओहोटीला पाणी कुठून आत ओढते, वाळूत खड्डा कुठे पडतो, कोणत्या वाऱ्याला होडी काढू नये, हे त्याला ठाऊक असते. त्याचा हा सल्ला फुकट मिळतो म्हणून कोणी मानत नाही. ‘साहेब, इथे उतरू नका’ असे सांगणाऱ्या म्हाताऱ्याला ‘आम्हांला पोहता येते’ असे उत्तर मिळते. गाडी थेट वाळूत घालणाऱ्यांचेही तेच. भरती चढू लागली, चाके रुतली की मग मात्र गावाची आठवण होते.

आणखी काही दिवसांत गणपती. चाकरमानी येतील. हा माणूस या सगळ्या वादात अवघड जागी उभा आहे, कारण तो अर्धा गावकरी आणि अर्धा पाहुणा. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली, तिची तिकिटे मिळता मिळत नाहीत. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम 2011 पासून चालू आहे आणि खड्डे दरवर्षी त्याच्या स्वागताला असतात. एवढे सोसून तो येतो, दार उघडतो, कोळिष्टके काढतो, आरत्या म्हणतो आणि गौरी-गणपती पोचवून कुलूप लावून निघतो. सातबाऱ्यावर त्याच्यासकट तीस-चाळीस नावे असतात. एकाला वाटते विकावे, दुसरा म्हणतो आजोबांची जमीन आहे, तिसरा अमेरिकेत असतो आणि चौथ्याने आपला हिस्सा परस्पर एजंटाला देऊन टाकलेला असतो. मग एका गणपतीला यावे तर शेजारच्या आगराला तारेचे कुंपण आणि ‘सी व्ह्यू प्लॉट्स’चा फलक. पाणंद बंद. त्या पाणंदीतून होड्यांकडे जाणारी माणसे आता वळसा घालून जातात. (मालवण तालुक्यातले आचरे गाव दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण करते. अख्खे गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जाते आणि पुन्हा कौल घेऊन परतते. बाकीची गावे कौल न घेताच ओस पडत आहेत.)

किनाऱ्यावर राहणे आणि किनाऱ्यावर येणे यांतले अंतर वादळात उघडे पडते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात जमिनीवर आले. काही तासांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. पाहुण्याने बुकिंग रद्द केले आणि विषय संपला. वाडीवाल्याला मात्र पडलेली झाडे ओढून काढायची होती, नवी रोपे लावायची होती आणि त्यांना फळ धरायला सहा-सात वर्षे थांबायचे होते. तेवढी वर्षे घरात पैसा कुठून यायचा? अनेकांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या त्या याच गरजेतून. त्यामुळे त्यांच्यावर ‘व्यापारी झाले’ असा शिक्का मारताना जरा दमाने घ्यावे.

कायदा काय म्हणतो? 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामांना साधारणपणे मज्जाव केला होता. 2019 च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांसाठी हे अंतर 50 मीटरवर आणले. स्थानिकांना घर वाढवता यावे हे त्यामागचे कारण रास्तच आहे. पण मोकळ्या झालेल्या दीडशे मीटरवर पहिली नजर मच्छीमाराच्या लेकाची जाते की बाहेरच्या गुंतवणूकदाराची, हे सांगायला ज्योतिषी नको. याच नियमांनुसार होणाऱ्या किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमारांच्या वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, होड्या लावायच्या आणि मासळी वाळवायच्या जागा दाखवायच्या असतात. प्रत्यक्षात कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्नच वर्षानुवर्षे भिजत पडला आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचे खाडीपूल आता मार्गी लागत आहेत. ते व्हावेत, दाभोळच्या आजाऱ्याला पलीकडे जाण्यासाठी फेरीबोटीची वाट बघावी लागू नये. मात्र रस्ता येण्याआधी दलाल येतो, हा कोकणचा अनुभव आहे. म्हणून नकाशा दलालाच्या आधी तयार झाला पाहिजे.

सरकारकडे मागणी फार मोठी नाही. जलक्रीडेचा नवा परवाना देण्याआधी त्या गावच्या ग्रामसभेत रापणीचे आणि होड्यांचे पट्टे ठरवून नकाशावर चढवावेत आणि त्या पट्ट्यांत परवाना देऊ नये. पर्यटकांकडून घेतलेल्या शुल्काचा ठरावीक हिस्सा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात, पाणी आणि कचऱ्यासाठीच, जमा व्हावा. आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या जागा गावातल्या मच्छीमार पोरांतूनच, बारमाही पगारावर भराव्यात. राज्याने 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतातून गाडी घालायला कोणी परवानगी देत नाही, तर मासेमारीच्या किनाऱ्यावरून ती का घालू दिली जाते, याचे उत्तर त्या निर्णयातच शोधता येईल.

वाचकांनो, या मोसमात कोकणात जाणार असाल तर गावातल्या घरात उतरा. सुरमई नसेल तर पेडव्यांचे कालवण मागा, आणि पुढच्या पावसाळ्यात गेलात तर सुकटीची चटणी, खाडीतल्या कुर्ल्या आणि टाकळ्याची भाजी खा. जून-जुलैत मिळणारी ‘ताजी’ सुरमई बहुधा बर्फातली असते. गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे लावा. पाण्यात उतरण्याआधी होडीपाशी बसलेल्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर उतरू नका.