महिना पाहून कात्री लावा

गेल्या फेब्रुवारीत आमच्या हातून एक चूक झाली. वाचक बंधू-भगिनींच्या घरी ती होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात आमच्या धाकट्या मुलीने गुलाबाचे कलम लावले होते. खाऊच्या पैशांतून आणलेले, जेमतेम वर्षाचे. फूटपाथवर घेतलेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात वाचले, की हिवाळा सरताना गुलाब छाटावा. आम्ही कात्री चालवली आणि वीतभर खुंट तेवढे ठेवले. पालवी फुटली तेव्हा मुलगी हरखली. एप्रिलच्या उन्हात तीच कोवळी पालवी करपली आणि मे महिन्यात झाड गेले. मुलगी एका शब्दाने बोलली नाही. तेच आम्हाला जास्त लागले.

पुस्तक खोटे नव्हते, ते दुसऱ्या मुलखाचे होते. इंग्लंडात थंडीत गुलाबाची वाढ थांबते. कोवळ्या फुटीला तिथे भीती हिमाची. म्हणून थंडीचा कडाका ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटतात. आपल्याकडे भीती उन्हाची. म्हणून मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला करावी. सुमारे दीड महिन्यात फुले येतात. फेब्रुवारीत फक्त सुकलेली फुले आणि वाळक्या काड्या काढाव्यात.

पहिल्या वर्षी झाडाला वाढू द्यावे. वाळलेली, रोगट आणि एकमेकींना घासणारी काडी तेवढी कापावी. पुढेही कोवळ्या झाडाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग काढू नये. कात्री धारदार हवी, बोथट कात्रीने फांदी चेंगरते. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा पाहून त्याच्या किंचित वर तिरका काप घ्यावा. उतार डोळ्याच्या उलट बाजूला ठेवावा, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. कापावर बोर्डो पेस्ट लावावी. कलमाच्या जोडाखालून येणारी फूट मात्र रानगुलाबाची असते. ती कितीही जोमदार दिसली तरी मुळापासून काढावी, नाहीतर ती कलमाचे अन्न खाते.

यंदा नवे कलम आणले आहे आणि कात्री मुलीच्याच हाती दिली आहे. पहिली वाळकी काडी कापण्यापूर्वी तिने आम्हाला विचारले, "पप्पा, महिना कोणता चाललाय?"