शिपायाच्या वहीतील वगळलेली पाने

मराठीतील युद्धविषयक लेखनाचा विषय वर्गात निघाला की आपण सामान्यतः विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’पाशी थांबतो. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीचे श्रेष्ठत्व वादातीत आहे. मात्र तीत प्रत्यक्ष रणांगण नाही. युद्धाच्या छायेत प्रवास करणारी एक बोट आहे आणि तीवरील माणसे आहेत. त्याच १९३९ साली कॅप्टन गो. गं. लिमये यांचे ‘सैन्यातील आठवणी’ हे पुस्तक निघाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात डॉक्टर म्हणून दाखल झालेल्या माणसाने ते लिहिले होते. ‘रणांगण’ अभ्यासक्रमात पुनःपुन्हा येते. लिमये यांचे नाव कथेच्या आणि विनोदाच्या इतिहासात ओझरते येते आणि त्यांचे युद्धाचे पुस्तक तेथेही बहुधा येत नाही. नावामागचे ‘कॅप्टन’ तेवढे कायम राहिले.

हे बिरुद मला महत्त्वाचे वाटते. लेखकाच्या नावाआधी कॅप्टन, कर्नल किंवा मेजर जनरल असे लागले की आपण त्याचे पुस्तक न उघडताच एका कप्प्यात टाकतो. कर्नल श्याम चव्हाण यांचे ‘वालाँग’ किंवा मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे १९६२च्या पराभवावरील ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ ही पुस्तके ग्रंथालयात इतिहासाच्या किंवा संरक्षणशास्त्राच्या फळीवर सापडतील. वाङ्मयाच्या फळीवर नव्हे. दीनानाथ मनोहर सैन्यात होते. त्यांनी सैनिकी जीवनावर ‘रोबो’ ही कादंबरी लिहिली. तिची चर्चा झाली ती कादंबरी म्हणून आणि तीही मर्यादित वर्तुळात. शिपायाने लिहिलेल्या मजकुरात आपण दोनच गोष्टी शोधतो : पराक्रम आणि माहिती. यांखेरीज त्यात जे असेल ते आपल्याला पाल्हाळ वाटते.

हा आरोप मी प्रथम स्वतःवर ठेवतो. त्यासाठी थोडे घरचे सांगावे लागेल.

माझे गाव डिंगोरे. ओतूरच्या पश्चिमेला, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. पश्चिमेला डोंगर, पाऊस आणि भाताची खाचरे. पूर्वेला सरकावे तसा धरणांच्या पाण्यावर पोसलेला ऊस आणि कांदा. माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळी भावंडे तात्या म्हणत असू, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन येथे शेतीला लागले. उतारवयात त्यांनी आठवणींची एक वही लिहिली. बाजारात हिशेबासाठी मिळते तशी लांबट, लाल पुठ्ठ्याची वही. सुमारे एकशे चाळीस पाने भरली होती. ‘तू मास्तर आहेस, जरा नीट करून दे,’ असे म्हणून त्यांनी ती माझ्या हाती दिली, तेव्हा मी नुकताच पीएच.डी. होऊन अधिव्याख्याता झालो होतो आणि मला सर्व काही नीट करता येते अशी माझी समजूत होती.

वहीत लढाई होती, पण फार थोडी. सरहद्दीवरच्या एका उंच चौकीतील हिवाळ्याला मात्र तीस-चाळीस पाने दिली होती. बर्फाचा रंग दिवसाच्या कोणत्या वेळी कसा असतो, कोणत्या उतारावरचे बर्फ आधी सुटते, वारा पडला की रात्री आवाज किती लांबून येतो, हे सारे एखाद्या शेतकऱ्याने जमिनीचा पोत सांगावा तसे सांगितले होते. आणि त्यात अकरा पाने एका कुत्र्याची होती. हा कुत्रा कोणाचाच नव्हता. लंगरापाशी येऊन पडे, चपातीवर जगे आणि रात्री संत्र्याबरोबर जागे. तो दोन तऱ्हांनी भुंकतो, एक जनावरासाठी आणि एक माणसासाठी, हे चौकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यावर झोप अवलंबून होती. पलटण बदलली तेव्हा सामानाची यादी करून नव्या तुकडीच्या ताब्यात देण्यात आली. कुत्रा यादीत नव्हता. तो कोणाच्या ताब्यात द्यायचा, यावर त्या रात्री झालेली बोलाचाली तात्यांनी दोन पाने भरून लिहिली होती. मागे राहिलेला तो कुत्रा उतारावर किती वेळ दिसत होता, हेही त्यांनी लिहिले होते.

एका प्रकाशकाकडे वही पाठवली. त्यांचे उत्तर सौजन्याचे होते : लढाईचा भाग वाढवावा, कुत्र्याचा भाग काढावा. मला ते योग्य वाटले. मी तात्यांना तसे समजावले. त्यांनी वाद घातला नाही, शिस्तीचा माणूस. नवी वही आणली, सुवाच्य अक्षरात दुसरी प्रत काढली आणि तीत कुत्रा नव्हता. बर्फही बरेच कमी झाले होते. लढाई मात्र वाढली नाही, कारण जे पाहिले नव्हते ते लिहिण्यास त्यांनी नकार दिला. पुस्तक निघाले नाही. आज ती दुसरी प्रत वाचताना जाणवते की मी एका लेखकाला माहितीच्या टिपणापर्यंत खाली आणले.

हे माझ्या ध्यानात आले ते पुष्कळ उशिरा, मारिओ रिगोनी स्टेर्न या इटालियन लेखकाच्या निमित्ताने. १९२१ साली आसियागो या डोंगरी गावात जन्मलेला हा माणूस पर्वतीय पलटणीत सार्जंट होता. जानेवारी १९४३मध्ये दोन नदीच्या काठावरून बर्फातून झालेल्या माघारीत तो आपल्या तुकडीसह चालला. त्याच वर्षी पुढे जर्मनांनी त्याला पकडले आणि युद्ध संपेपर्यंत तो बंदिवासात होता. सुटल्यावर तो गावी परतला आणि तेथल्या जमीन-नोंदणीच्या कचेरीत अनेक वर्षे नोकरी करीत राहिला. बर्फातील त्या माघारीवरचे त्याचे पुस्तक १९५३ साली निघाले. त्याचे संपादन करणारे एलिओ व्हित्तोरिनी मोठे लेखक होते. पण हा माणूस जन्मजात लेखक नव्हे, स्वतःवर गुदरलेल्या गोष्टींपलीकडे तो लिहू शकणार नाही, अशा अर्थाचे मत त्यांनी पुस्तकासोबतच नोंदवून ठेवले. दुसरे पुस्तक यायला नऊ वर्षे गेली. ते रानाविषयी, शिकारीविषयी, रानपक्ष्यांविषयी आणि शिकारी कुत्र्यांविषयी होते. पुढे झाडे, मधमाश्या, प्राणी यांवर त्याने २००८ साली मृत्यू येईपर्यंत लिहिले. युद्धही त्याच्या लेखणीतून कधी सुटले नाही.

त्याच्या युद्धाच्या पुस्तकातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. भुकेलेला सार्जंट एका रशियन झोपडीत शिरतो, तर आत शत्रूचेच सैनिक जेवत बसलेले. कोणी बंदूक उचलत नाही. घरातली बाई त्याला दूध आणि भरड धान्याची खीर वाढते. तो खातो, आभार मानतो आणि बाहेर पडतो. समीक्षक या प्रसंगाला मानवतेचे दर्शन म्हणतात, ते ठीकच. मला मात्र त्यात दुसरेही काही दिसते. पाणवठ्यावर एकमेकांना पाहून न पाहिल्यासारखे करणारी जनावरे ज्याने पाहिली आहेत, त्याची ही नजर आहे. म्हणून युद्धावर लिहिणारा रिगोनी आणि कुत्र्यांवर लिहिणारा रिगोनी असे दोन लेखक पाडता येत नाहीत. शिपाई जमीन वाचतो, चाहूल घेतो, वाऱ्याची दिशा धरतो, दबा ओळखतो. निसर्गलेखकाचेही हेच काम आहे. रिगोनीने दोन्हींसाठी एकच भाषा वापरली आणि त्या भाषेला आधी जे ‘अ-लेखक’ म्हटले गेले तेच तिचे बळ ठरले.

येथे इटलीचा उल्लेख केवळ योगायोग नाही. १९४४-४५ साली त्याच इटलीत मराठा पलटणी लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना तेथे मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५मध्ये सेनिओ नदीवरील पराक्रमासाठी तोच सन्मान मिळाला. ते आमच्या शेजारच्या, आज अहिल्यानगर म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्यातले. जे परतले त्यांनी इटलीतील द्राक्षमळे, चिखल, खेडी आणि जनावरे पाहिली असणारच. ती शेतकऱ्यांची मुले होती. त्यांच्याकडून मराठीत काय आले? पदकाची नोंद आली. पहिल्या महायुद्धातील हिंदी शिपायांची फ्रान्समधून लिहिलेली पत्रे लष्करी तपासनिसांच्या भाषांतरांमुळे टिकली; डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांचे संकलन प्रसिद्ध केले. रणभूमीवर पडलेल्या माणसांसाठी त्यांत झाडाखाली पडलेल्या पानांची उपमा येते. सेन्सॉरच्या कारकुनाने जे जपले, ते आपल्या वाङ्मयेतिहासाने जपले नाही.

परंपरेत हे तुटलेपण नव्हते. मणी आणि मल्ल यांच्याशी लढणाऱ्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि त्याचे भक्त वाघ्या म्हणवून देवाचे कुत्रे होतात. महाभारतातील युद्ध संपल्यावर, सर्व सोबती गळून पडल्यावर, युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालतो तोही कुत्राच. रायगडावरील वाघ्याच्या स्मारकावरून २०२५ सालीही वाद झाला. त्याच्या कथेला समकालीन आधार नाही, हे इतिहासाभ्यासकांचे म्हणणे मला मान्य आहे. पण गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’सारख्या नाटकातून ती कथा लोकमनात इतकी का रुजली, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाचा आहे आणि तो आपण विचारलेला नाही.

दुसऱ्या बाजूला आपले निसर्गलेखन. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्याविषयी येथे नव्याने काही सांगण्याची गरज नाही. तरीही जुन्नरच्या आजच्या रानाला त्यांची भाषा पुरेल का, अशी शंका मला येते. कारण आमचे रान आता उसात आहे. बिबट्याची मादी उसात विते, पिले उसातच वाढतात. शेजारच्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात सर्वांत मोठा वाटा, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के, पाळीव कुत्र्यांचा आढळला. म्हणजे येथे कुत्रा हा राखणदारही आहे आणि भक्ष्यही. तात्यांच्या गावच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता. पट्टा उसाच्या सरीत सापडला, कुत्रा सापडला नाही. त्या रात्री, चौकीतल्या कुत्र्याप्रमाणे तो ‘जनावरासाठीचे’ भुंकला होता आणि आपण अंथरुणातून उठायला उशीर केला, हे तात्या वारंवार बोलत. एक चौकी आणि एक गोठा यांना जोडणारे हे वाक्य पहिल्या वहीत होते. दुसऱ्या वहीत नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही, की कुत्र्याविषयी लिहिताना माणूस हळवा होतो आणि माणसांविषयीच्या जबाबदारीतून सुटतो. हेन्री विल्यमसन हा इंग्रज शिपाई पहिल्या महायुद्धातून परतला, १९२७ साली त्याने पाणमांजरावर एक अप्रतिम पुस्तक लिहिले आणि पुढच्या दशकात तो फॅसिस्टांच्या मागे गेला. निसर्गप्रेम हे शहाणपणाचे प्रमाणपत्र नव्हे. पण ही तपासणी तरी मजकूर समोर असल्यावरच करता येते. आपल्याकडे तो समोर येण्याआधीच गाळला जातो आणि गाळणारे हात बहुधा एम.ए., पीएच.डी. झालेले असतात.

तात्या आता नाहीत. पहिली वही त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, गणवेशाच्या घडीखाली सापडली. ती मी अक्षरशः उतरवून घेतो आहे. माझ्या एका विद्यार्थिनीला एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी ‘सैनिकांचे अप्रकाशित लेखन : जुन्नर-आंबेगाव परिसर’ असा विषय सुचवला आहे, चार गावांतून आतापर्यंत तीन वह्या आणि पत्रांची एक पिशवी तिच्या हाती लागली आहे. संहितेचे प्रश्न मात्र आताच सुरू झाले आहेत. तात्यांच्या वहीत त्या चौकीतल्या कुत्र्याचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिले आहे आणि एके ठिकाणी ते लिहून खोडले आहे. खोडलेले नाव वाचता येते. ते छापावे की नाही, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.