फुकटची पिशवी

गेल्या महिन्यात खोली बदलली. पुण्यात भाड्यानं राहणाऱ्या माणसाला दर अकरा महिन्यांनी आपल्याकडे काय काय साठलंय याचा हिशेब द्यावा लागतो. या वेळी कपाटाच्या तळाशी पिशव्या निघाल्या. कापडी. मोजल्या तर २६ भरल्या. दोन बँकेच्या, एक साहित्य संमेलनाची, एक मित्राच्या लग्नातली, जिच्यावर नवरा-नवरीच्या नावाखाली झाड छापलंय. कंपनीतल्या पर्यावरण दिनाच्या तीन, अगदी सारख्या, कारण तीन वर्षं तीच वाटली. बऱ्याच पिशव्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

त्याच संध्याकाळी मी कोपऱ्यावरून अर्धा किलो टोमॅटो, चार लिंबं आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन आलो. प्लास्टिकच्या पिशवीतून.

हा लेख त्या सत्तावीस पिशव्यांबद्दल आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पिशवी प्लास्टिकची झाली तेव्हा आपण बिघडलो, असं मला वाटत नाही. ती फुकट मिळायला लागली तेव्हा बिघडलो. आणि आता तीच फुकटची खोड कापडाला लावून आपण स्वतःला पर्यावरणप्रेमी म्हणवून घेतोय.

आमच्या घरात बाबांची एक पिशवी आहे. खाकी, जाड कापडाची. मी सातवीत होतो तेव्हा आईनं ती गणवेशाच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवली. तिचे बंद दोनदा बदलले, तळाला एकदा ठिगळ लागलं. बाबा आठवड्यातून दोनदा तरी ती घेऊन मंडईत जातात. म्हणजे वर्षाला शंभरेक फेऱ्या. पंधरा वर्षं झाली. हिशेब तुम्हीच करा. ती विसरली तर बाबा अर्ध्या रस्त्यातून परत येतात. नवी मिळणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

आता माझ्या कपाटाचा हिशेब. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २०११ मध्ये पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी तापमानवाढीच्या बाबतीत बरोबरी करायची, तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यात निघालं. कारण कापूस आभाळातून पडत नाही. त्याला जमीन लागते, पाणी लागतं, खत आणि फवारणी लागते, मग सूतगिरणी, माग, रंगाई. माझ्या २६ पिशव्या प्रत्येकी १३१ वेळा वापरायच्या म्हणजे ३,४०६ फेऱ्या. आठवड्याला दोन धरल्या, तर साडेबत्तीस वर्षांहून जास्त. तोवर मला आणखी किती पर्यावरण दिन साजरे करायला लागतील, देव जाणे.

डेन्मार्कच्या सरकारी अभ्यासानं २०१८ मध्ये याच्याही पुढे जाऊन पर्यावरणावरचे सगळेच परिणाम धरले, तेव्हा साध्या सुती पिशवीसाठी आकडा आला ७,१००, आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीसाठी २०,०००. तापमानवाढ एवढीच मोजली, तर हेच आकडे ५२ आणि १४९. म्हणजे काय मोजता यावर बरंच अवलंबून आहे. शिवाय नाल्यात तुंबलेली पिशवी किंवा गायीच्या पोटातला प्लास्टिकचा गोळा या हिशेबात धरलेलाच नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत, सांताक्रूझला, एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडालं, तेव्हा नाले तुंबवायला याच पिशव्यांनी हातभार लावला होता. त्यामुळे 'बघा, प्लास्टिकच बरं' असं म्हणत हे आकडे फॉरवर्ड करू नका. ते एवढंच सांगतात की न वापरलेली कापडी पिशवी म्हणजे कपाटात नीट घडी घालून ठेवलेला कचरा आहे. बाबांची पिशवी मात्र या हिशेबात सहज पास होते. तिच्यासाठी वेगळा कापूस पिकवावाच लागला नव्हता.

बरं, 'कापडी' म्हणून हातात येणारी प्रत्येक पिशवी कापडी असते असंही नाही. साडीच्या दुकानात, मिठाईच्या दुकानात, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मिळते ती मऊ, रंगीत, जरा जाळीदार पिशवी आठवा. तिला नॉन-वोव्हन म्हणतात, म्हणजे न विणलेली. ती पॉलिप्रॉपिलीनची असते. वितळवलेल्या प्लास्टिकचे तंतू पसरून उष्णतेनं एकमेकांना चिकटवले की झालं 'कापड'. गॅलरीत उन्हात काही महिने ठेवून बघा, हातात भुगा येईल. खात्री करायची असेल तर कडेचा एक धागा ओढा. सुती कापडातून उभा-आडवा धागा निघतो, यातून निघत नाही. चिमूटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवा. सुती जळतं, कागद जळल्यासारखा वास येतो, राख उरते. हे वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. माझ्या २६ मधल्या नऊ पिशव्या या परीक्षेत नापास झाल्या. त्यांतल्या एकीवर लिहिलं होतं, 'प्लास्टिकला नाही म्हणा'.

आता या पिशव्या शिवतं कोण, ते सांगतो. मी सोलापूरचा. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण तिथं शाळेच्या गणवेशांचाही मोठा धंदा आहे. कापलेले तुकडे घरी येतात, बायका टीप मारून देतात, नगावर पैसे मिळतात. माझी आई त्या बायकांपैकी एक.

२३ मार्च २०१८ ला राज्य सरकारनं प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत संपली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाले. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. त्या जूनमध्ये आमच्या गल्लीत दिवाळी आली. एका ठेकेदारानं आई आणि शेजारच्या चार बायकांना मांजरपाटाच्या पिशव्यांचं काम दिलं. नगाला तीन रुपये. कापड त्याचं, दोरा, सुई आणि वीज आमची. आईनं पायमशीनला मोटर बसवून घेतली, उसने पैसे काढून. रात्री बारा-बारापर्यंत मशीनचा आवाज चालायचा आणि तो आवाज मला तेव्हा फार चांगला वाटायचा.

गणपतीपर्यंत काम जोरात होतं. नवरात्रात कमी झालं. दिवाळीनंतर ठेकेदार फोन उचलेनासा झाला. कारण मंडईत जाऊन बघितलं की कळत होतं: गाड्यांखालून, पाटीखालून त्याच पातळ पिशव्या परत निघत होत्या. शेवटच्या चारशे पिशव्यांचा गठ्ठा आईकडेच पडून राहिला. त्याचे बाराशे रुपये कधीच मिळाले नाहीत. मोटरचे हप्ते मात्र वेळेवर गेले.

मी बरेच दिवस याचं खापर सरकारी ढिलाईवर फोडायचो. ते खोटं नाही. पण पुढे मी स्वतः त्या 'भेट' पिशव्यांच्या रांगेत उभा राहायला लागलो आणि मला दुसरी बाजू दिसली. आपल्याला फुकट मिळालेल्या पिशवीचे पैसे कुणीतरी दिलेलेच असतात. आयोजक म्हणतो, हजार पिशव्या हव्यात, स्वस्तात स्वस्त सांगा. दर खाली येत येत जिथं थांबतो, तिथं कुणाची तरी आई मशीनवर बसलेली असते. आपल्या पर्यावरणप्रेमाला तिनं नगाला तीन रुपयांनी सबसिडी दिलेली असते.

फुकट हाच रोग आहे, हे मी शोधून काढलेलं नाही. आयर्लंडनं मार्च २००२ मध्ये प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट कर लावला. बंदी घातली नाही, फक्त किंमत लावली. पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला. आपल्याकडेही हे सुचलं होतं. दुकानदारानं पिशवी फुकट देऊ नये, असा नियम केंद्र सरकारनं २०११ मध्येच केला. २०१६ च्या नियमांतही पिशवीला किंमत लावायचं कलम होतं. ते मार्च २०१८ मध्ये काढून टाकलं. म्हणजे ज्या महिन्यात महाराष्ट्रानं बंदी जाहीर केली, त्याच महिन्यात दिल्लीनं किंमत काढून घेतली. बंदी राबवायला इन्स्पेक्टर लागतो. किंमत राबवायला गिऱ्हाइकाचा खिसा पुरतो.

इथं कुणी म्हणेल, दुकानं पिशवीचे पैसे उकळतात त्याचं काय? म्हणणं रास्त आहे. २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचानं एका बूटकंपनीला याच कारणावरून दंड केला होता. कंपनीनं स्वतःची जाहिरात छापलेल्या कागदी पिशवीचे ३ रुपये घेतले होते. निकाल मला पटतो. तुमची जाहिरात मी मिरवायची, तर उलट तुम्हीच मला पैसे द्या. कोऱ्या पिशवीला मात्र किंमत हवीच, आणि ती बिलावर दिसायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कामावरून थेट मंडईत येणाऱ्या बाईकडे दर वेळी पिशवी कुठून असणार? आणि हातगाडीवाल्यानं 'पिशवी नाही' म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं. दंडाचे ५,००० म्हणजे त्याची कितीतरी दिवसांची कमाई. पिशवी मागणारे आपण मात्र बहुतेक वेळा मोकळे सुटतो. म्हणूनच हा जाब मी त्या बाईला किंवा गाडीवाल्याला विचारत नाही. मी तो माझ्यासारख्यांना विचारतो. पाठीवर सॅक असते, सॅकमध्ये चार्जर असतो, पॉवर बँक असते, इअरफोन असतात. फोन विसरलो तर आपण जिन्यातून परत वर जातो. पिशवीसाठी कधी परत गेलोय? टोट बॅग खांद्याला असतेच म्हणा, छान वाक्य छापलेली. पण तिच्यात लॅपटॉप जातो, बटाटे जात नाहीत. मळेल ना.

तर नवी पिशवी घेऊ नका. घरात फाटकी चादर असेल, जुनी जीन्स असेल, तिची शिवा. मी शिवलीय. आईनं व्हिडिओ कॉलवर शिकवलं. मुलगा म्हणून तोवर मला कुणी सुईसुद्धा ओवायला सांगितली नव्हती आणि मीही कधी विचारलं नव्हतं. दीड फूट रुंद, तीन फूट लांब तुकडा घ्यायचा. मधोमध दुमडायचा, दोन्ही बाजूंना टीप. तोंडाशी काठ दोनदा दुमडून पुन्हा टीप. हातानं शिवत असाल तरी टीपच घाला. नुसता धावदोरा ओझ्यानं उसवतो. बंद जोडताना चौकोन शिवायचा आणि त्याच्या आत फुली मारायची, कारण सगळा भार तिथं येतो. चादर पॉलिएस्टरची असली तरी चालेल. ती आधीच घरात आहे.

मला अडीच तास लागले. शिवण वाकडी आली, एक बंद दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब. आई पलीकडून हसत होती. तिला तेवढ्याच पिशवीला सात मिनिटं लागतात. मी गुणाकार केला. हात न थांबवता तासाला आठ, म्हणजे चोवीस रुपये. त्यातून दोरा आणि वीज वजा. इतकी वर्षं हा हिशेब आमच्या घरात उघडा पडलेला होता, पण माझ्या बोटाला सुई टोचेपर्यंत मी तो मांडला नव्हता. ती वाकडी पिशवी मी अजून एकदाही विसरलेलो नाही.

उरल्या कपाटातल्या २६. नऊ बाजूला काढल्या. सतरा धुऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे नेऊन दिल्या. म्हटलं, ज्याच्याकडे पिशवी नसेल त्याला द्या, पुढच्या वेळी परत आणा म्हणावं. आठवड्यानं गेलो तर सगळ्या संपलेल्या. परत आलेल्या दोन.

"अरे दादा, फुकट होत्या ना," मावशी म्हणाल्या. "दहा रुपये ठेवून घेतले असते तर आल्या असत्या परत. सोड्याच्या बाटलीसारख्या."

मावशींनी कुठला अभ्यास वाचलेला नव्हता. मी रात्री आईला फोन केला. तो चारशेचा गठ्ठा अजून पलंगाखाली आहे का, विचारलं. आहे म्हणाली. त्यातल्या शंभर मावशींकडे अनामतीवर ठेवायला पाठवशील का, म्हटलं.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पंधरा रुपये नग. आणि फुकट वाटणार असशील तर एकही मिळणार नाही."

तिनं तिच्या शिलाईचा भाव स्वतः सांगितलेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी घासाघीस केली नाही.